डावीकडेच ओढणारी जोडनाव

"उजवीकडे! अगं, उजवीकडे घे!" पवनकुमार ओरडला.

"उजवीकडेच घेतेय! तीच ऐकत नाहीये!"

स्पंदनाने रिमोटची कळ टोकापर्यंत दाबून धरली होती. पण नाव डावीकडे वळली ती वळलीच, आणि तळ्याच्या दगडी पायरीवर धाडकन आदळली!

दोन सडपातळ होड्या शेजारी शेजारी जोडून आणि प्रत्येकीत एकेक मोटर बसवून ही जोडनाव तिघांनी मिळून बांधली होती. स्पंदनाने, तिच्या चुलतभावाने म्हणजे पवनने, आणि शेजारच्या नव्या या मैत्रिणीने. उद्या याच तळ्यावर शर्यत होती. दसऱ्याच्या सुट्टीत साऱ्या म्हैसूरची मुलं येणार होती.

काठावर बघे जमले होते. त्यांच्यादेखत पवनचे वडील, मोहनराव, गरजले, "अय्यो! हिच्या हातात काही दम नाही. उद्या रिमोट पवनच्या हाती! ही बसेल टाळ्या वाजवत!"

लोक खो खो हसले. स्पंदनाच्या अंगाचा तिळपापड झाला. गेल्या आठवड्यात हीच नाव बाणासारखी सरळ जात होती! हात तेच, रिमोट तोच. मग बिघडलं काय?

घरी येताच तिने नाव ओसरीवर आदळली नाही एवढंच.

"मला नको रिमोट," पवन म्हणाला. "अप्पांना काय कळतंय?"

"तुझी दया नकोय मला! बिघाड शोधायचाय," स्पंदना फणकारली. "हिला सुकाणू नाही. एक मोटर हळू फिरली की नाव त्याच बाजूला वळते. म्हणजे डावी मोटर कमी फिरतेय. का?"

"रिमोटकडून हुकूमच कमी येत असेल," नव्या म्हणाली.

"मग दोन्ही मोटरींच्या तारा अदलाबदल करू. दोष तिथं असेल तर नाव उजवीकडे वळेल."

अंगणातल्या हौदात नाव सोडली. पुन्हा डावीकडेच!

"म्हणजे तारा ठीक आहेत. दोष डाव्या होडीतच आहे!" स्पंदनाने मागचे पंखे बोटाने फिरवून पाहिले. उजवा गरगर फिरला. डावा मात्र जेमतेम हलला. तिने तो काढला. आत दांड्याला पिवळा दोरा करकचून गुंडाळला होता. हळदीचा दोरा!

तिचे डोळे लाल झाले. आयुधपूजेला मोहनरावांच्या शिवणकामाच्या दुकानात प्रत्येक यंत्राला असाच दोरा बांधतात.

"काका, नावेला कुणी हात लावला होता?" तिने ओसरीवर आलेल्या मोहनरावांना विचारलं.

"मी? छे! उगाच माझ्यावर ढकलू नकोस!"

स्पंदना तोंड उघडणार, तोच नव्याने तिला चिमटा काढला आणि भोळा चेहरा केला. "काका, आयुधपूजेला या नावेची पूजाच झाली नसेल ना? म्हणून बिघडली असेल!"

मोहनराव उसळले. "पूजा झाली नाही म्हणजे? माझ्या घरात? शिवणयंत्राच्या चाकाला बांधतो तसा मागच्या दोन्ही दांड्यांना दोरा मी स्वतः बांधलाय! दुसऱ्या दिवशी कात्रीनं कापलासुद्धा!"

"डावा अर्धाच कापलात!" स्पंदनाने ओला गुंता त्यांच्यापुढे धरला.

मोहनरावांचा चेहरा उतरला. दारातून त्यांची थोरली बहीण, गौराआत्या म्हणाली, "मोहना, पोरीला चारचौघांत बोललास. आता रे?"

"चुकलं. शाबास गं! चल, तुला म्हैसूरपाक आणतो."

"म्हैसूरपाक नको," स्पंदना म्हणाली. "काल ज्यांना हसवलंत, त्यांच्यासमोर बोला."

दुसऱ्या दिवशी तळ्याचा काठ माणसांनी फुलला होता. मोहनराव पायरीवर उभे राहिले आणि पुटपुटले, "नाव मी बिघडवली होती. पोरीचा हात पक्का आहे."

"मोठ्यानं, काका," स्पंदना म्हणाली. "परवाचा तुमचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला होता. आज का अडकला?"

"परवा नाही गं, काल," पवन हळूच म्हणाला.

"मला परवासारखंच वाटतंय!"

मोहनरावांनी छाती भरून श्वास घेतला. "नाव मी बिघडवली! बिघाड हिने शोधला! आणि आज ही नाव हीच चालवणार!"

पलीकडच्या काठावरून टाळ्या आल्या. स्पंदनाने हात पुढे केला. मोहनरावांनी रिमोट तिच्या तळव्यावर ठेवला, आणि ती पाण्याकडे वळली.