चौदा नंबरचं औषध

"बाटली गेली! अन् ती कुणाच्या पोटात गेली, तर तो माणूस वाचायचा नाही!"

डॉ. मेधा फोनवर अक्षरशः ओरडत होत्या. पौडच्या फौजदार सुलक्षणा ढमालेनं तडक जीप काढली.

पिरंगुटजवळच्या त्या प्रयोगशाळेत कंपवातावर काम चाले. मेंदूतल्या प्रथिनांची घडी चुकते, त्यांच्या गुठळ्या होतात, पेशी मरतात. चौदा नंबरचा इवलासा रेणू प्रथिनाला नीट घडीत धरून ठेवी.

"पहिल्याच दिवशी उंदरांची थरथर थांबली," मेधा म्हणाल्या. "शनिवारी सगळे मेले. यकृत गेलं."

"बाटली कधीपर्यंत होती?"

"परवापर्यंत."

किल्ल्या तिघांकडे होत्या. मेधा, संशोधक शैलेश आणि झाडलोट करणाऱ्या साळूबाई. मेधांचं बोट अर्थातच साळूबाईंकडे वळलं. गरिबाच्या माथी मारणं कधीही सोपं!

पिंजऱ्यांच्या खोलीत नवे उंदीर होते आणि लसणाचा भपकारा.

"ठेचा खाल्लात काय, साळूबाई?"

"न्हाई बाई. औषध चालू झाल्यापास्नं हितं ह्योच वास हाय. मेलेली उंदरं म्याच पुरली. असलं इख मी कशाला न्हिऊ?"

"आणि शैलेश?"

"त्ये उंदरं मरायच्या आदीच गावाला गेलतं. परवा आलं."

शैलेश अमरावतीकडचा. भूगावात भाड्यानं राहायचा, कंपवातानं खिळलेल्या वडिलांसोबत. सुलक्षणानं मेधांनाही जीपमध्ये घेतलं आणि त्याचं घर गाठलं.

"नुसत्या चहावर भागवा, मॅडम," शैलेश कसंनुसं हसला. "चातुर्मास आहे. कांदा-लसूण घरात येत नाही."

त्याच्या वडिलांनी, अण्णासाहेबांनी, स्वतः चहा ओतला. थेंबही सांडला नाही. "घे बेटा," ते वाकून म्हणाले. सुलक्षणानं कप तसाच खाली ठेवला.

"शैलेश, किती पाजलंत?"

"काय?"

"लसूण न येणाऱ्या घरात यांच्या तोंडाला पिंजऱ्यांचा वास येतोय. कंपवाताचा हात एकाएकी स्थिर झालाय. उंदीर मेलेले ज्याला ठाऊक, तो हे आपल्या माणसाला पाजणार नाही. मेधाबाईंना ठाऊक होतं, साळूबाईंनी तर ते पुरले. तुम्ही सुट्टीवर होतात."

शैलेश पांढराफटक पडला. "उंदीर मेले? मी पाहिले ना, पिंजऱ्यात होते! रोज दोन चमचे... मला कुणी सांगितलं का नाही?"

सुलक्षणानं मेधांकडे पाहिलं.

"मीच नवे आणून ठेवले," त्या पुटपुटल्या. "साळूबाईंनाही गप्प बसवलं. अनुदानवाले येणार होते."

"त्याचा जबाब नंतर घेते. आधी दवाखाना!" सुलक्षणा गरजली. "जीप दाराशी लावा!"

शैलेशनं वडिलांचे पाय धरले. तो ओक्साबोक्शी रडत होता. अण्णासाहेबांनी त्याला उठवलं आणि दोन्ही हातांनी त्याचे डोळे पुसले.

"रडू नको रे," ते म्हणाले. "तुझे डोळे पुसायचं राहून गेलं होतं किती वर्षं."