ओली राहिलेली अंजिरं

इरावतीला काही केल्या उमगत नव्हतं. वाळवणाच्या पेटीतला पारा कालपासून चढलेला, तरी अंजिरं ओलीच्या ओलीच. उलट पेटीच्या काचेला आतून थेंब लटकत होते.

ही अंजिरं होती तिच्या आईसाठी. आई चंद्रावरच्या तळावर वनस्पतींचं काम करायची. सामान नेणारं यान चार दिवसांनी सुटणार होतं आणि ओलसर फळ बुरशीच्या भीतीने त्यात घेत नसत.

“आत्या, तुझी पेटी बिघडली,” ती रडवेली होऊन म्हणाली.

ऊर्जेवर संशोधन करणाऱ्या सुनेत्राआत्याने पेटीभोवती फेरी मारली. “वरची खिडकी कुणी बंद केली?”

“मीच. सगळी ऊब निघून जात होती.”

“बरं. फळातलं पाणी सुटून कुठे जातं?”

“हवेत.”

“आणि ती हवाच कोंडून ठेवली तर?”

इरावतीने काचेवरच्या थेंबांकडे पाहिलं.

“हवेतली आर्द्रता (हवेत मिसळलेली पाण्याची वाफ) वाढत जाते,” आत्या म्हणाली. “हवेचं पोट भरलं की ती आणखी पाणी घेत नाही.”

“मग नुसता पंखा लावू. तापवायचं कशाला?” इरावतीचा गुंता आणखीच वाढला.

“तापलेल्या हवेत जास्त वाफ मावते. म्हणून आधी तापवायची, मग बाहेर घालवायची. आपली पेटी संकरित (दोन पद्धती जोडलेली) आहे. काळा पत्रा उन्हाची उष्णता घेतो, सौरपट्टी उन्हाची वीज करते. त्या विजेवर पंखा फिरतो.”

खिडकी उघडताच दमट वाफारा तोंडावर आला. दुपारी आभाळ भरून आलं, तशी इरावती पुन्हा घाबरली. पण पंखा थांबला नाही. सौरपट्टीने बॅटरीत साठवलेल्या विजेवर तो फिरत राहिला आणि पेटीतलं तारेचं वेटोळं हवा तापवू लागलं.

काही अंजिरं आंबलीच. ती तिने निवडून काढली. उरलेली वाळली आणि यानातून गेली.

पुढे आई पडद्यावर दिसली, गालात अंजीर धरून. “इथे फळांतून निघणारी वाफ आम्ही बाहेर सोडणार नाही. थंड पत्र्यावर धरून तिचं पाणी करू.”

“म्हणजे फळंही वाळणार आणि प्यायला पाणीही मिळणार?”

“हो. आमची अंजिराची रोपं अजून वीतभरच आहेत. पहिलं फळ धरेपर्यंत तसली पेटी कशी करायची, ते तू शोध.”

इरावतीने आत्याकडे पाहिलं. आत्या कामाच्या टेबलाशी खुर्ची सरकवून तिला जागा करून देत होती.