गेल्या वर्षीची काडी

"यंदा जांभळं लवकर आली वाटतं?"

मागून आवाज आला आणि मंजुषानं तोंड घट्ट मिटलं. तोंडात एक फळ होतं, मुठीत आणखी काही. दिवस मार्चचे. जांभळं यायला अजून अख्खा उन्हाळा जायचा होता, हे तिलाही ठाऊक होतं आणि विचारणाऱ्यालाही.

चूक तशी त्या लुगड्यांची होती. म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रस्त्याला, तिच्या आत्याचा, आक्काबाईंचा, द्राक्षाचा मळा. मंजुषा मोहाडीची, नाशकात बी.ए. करायचं म्हणून आत्याकडे राहायला आलेली. आत्याच्या बांधापलीकडे कुणीतरी हिरव्या नेटखाली काहीतरी लावलं होतं, आणि नेट पुरलं नाही म्हणून मावळतीच्या बाजूला चक्क जुनी लुगडी बांधली होती. आता बांधावर लुगडी फडफडत असतील तर कुठली मुलगी आत डोकावणार नाही? आत काटेरी काड्या होत्या, आणि काड्यांवर काळी, टपोरी, दाणेदार फळं. एक तोडलं. मग दुसरं. मग कितवं ते विचारू नका.

"मी काही खाल्लं नाही," ती कमीत कमी तोंड उघडून म्हणाली.

"बरं. मग जीभ दाखवा."

"का म्हणून?"

"खरं बोलणाऱ्याची जीभ गुलाबी असते."

ती तरातरा निघाली... म्हणजे निघायला गेली. ओढणी काट्यात. ओढली, तर आणखी अडकली.

"ओढू नका. ह्यांना जबरदस्ती चालत नाही." तो उंच, उन्हानं रापलेला मुलगा पुढे झाला आणि एकेक काटा सोडवायला लागला, अगदी सावकाश, जणू त्याला दुसरं कामच नव्हतं. मंजुषा स्वतःच्या जांभळ्या मुठीकडे बघत उभी राहिली. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला वाटत होतं. आणि ओढणी अजून थोडी अडकलेली असती तरी चाललं असतं, असंही वाटत होतं. ह्याचीच तिला जास्त लाज वाटली.

त्याचं नाव शेखर. त्या नेटखाली ब्लॅकबेरी होती.

त्यानंतर आत्याकडची सगळी कामं बांधाच्या बाजूलाच निघू लागली.

"द्राक्षाच्या गावात काटे कशाला लावलेत?" एकदा तिनं विचारलं.

"द्राक्षं सगळेच लावतात."

"कारण ती येतात!"

शेखर हसला. महाबळेश्वरच्या एका मित्रानं रोपं दिली होती, तो सांगू लागला. तिकडे थंडावा, इथे एप्रिल आला की पत्रासुद्धा तडतडतो. रासबेरीची ओळ पहिल्याच मे महिन्यात होरपळून गेली. ब्लॅकबेरी तेवढी तगली. पण हिलाही मावळतीचं ऊन सोसत नाही, उन्हाकडचे दाणे पांढरे पडतात. म्हणून आईची लुगडी.

"आईंना माहितीये?"

"जुन्यांचं माहितीये. त्यात एक नवं होतं... त्याचं नाही."

नेटखाली बहुतेक लागण नवी होती. फळं दिली ती कडेच्या चार जुन्या झाडांनी, आणि त्यातली बरीचशी मंजुषाच्याच पोटात गेली होती. बाकीची पुढच्या मार्चात धरणार. तेवढीच मुदत होती. शेखरचे वडील, धोंडीरामनाना, यांनी बजावलंच होतं, की पुढच्या पाडव्यापर्यंत फळ दिसलं तर ठीक, नाहीतर काटे उपटायचे, तिथे द्राक्षाच्या मांडवाचे लोखंडी अँगल उभे करायचे आणि शेखरनं मुकाट्यानं सातपूरला कंपनीत लागायचं.

"मला नाही जमणार कंपनीत," शेखर म्हणाला. एवढंच म्हणाला आणि नळीतलं पाणी बघत बसला. त्या दिवसापासून पुढच्या मार्चाची काळजी मंजुषालाही लागली.

एक मात्र सांगायला हवं. मंजुषाला आपल्या द्राक्षाच्या छाटणीचा भारी अभिमान होता. मोहाडीच्या जयरामभाऊंची ती मुलगी. काडी हातात घेतली की किती डोळ्यांवर, म्हणजे किती कोंब राखून, कापायची हे तिला बघताक्षणी कळायचं. "कात्रीला भ्यायला तो फळाला मुकला," हे बाबांचं वाक्य ती उठता-बसता शेखरला ऐकवायची. तो आपल्या झाडांचं काही सांगू लागला, की ही द्राक्षाचं सांगायला लागायची.

"अगं, हिची काडी वेगळी असते," एकदा त्यानं सुरुवात केली होती.

"काडी ती काडी! बघाल एकदा माझा हात."

"हात तर रोजच बघतो," तो हळूच म्हणाला... आणि काडीचा विषय तिथेच राहिला.

ऑक्टोबर आला. शेखरच्या मामांची कळवणला वास्तुशांत होती, तिथूनच सगळे गडावर देवीला जाणार होते. जायच्या आदल्या दिवशी त्यानं नेटच्या दाराची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"पाणी तेवढं सोडत जा. बाकी काही नको."

"दुसरं कोणी नव्हतं किल्ली द्यायला?"

"होते की. पण त्यांना नाही द्यावीशी वाटली."

किल्ली घेऊन ती घरी आली तेव्हा आत्या दोनदा काहीतरी बोलल्या, ते तिला ऐकूच आलं नाही. आपण ह्याच्या प्रेमात पडलोय, हे तिनं त्या संध्याकाळी स्वतःशी कबूल करून टाकलं.

इकडे आत्याच्या मळ्यात गोडी छाटणी, द्राक्षाला फळ धरायची, जोरात चालू होती. सगळ्या शिवारातले वेल कापून मोकळे झाले आणि शेखरच्या झाडांच्या काड्या मात्र वाढून जमिनीवर लोळत होत्या. मंजुषाचा जीव तुटला. माणसं मिळाली नसतील बिचाऱ्याला. मोसम टळला तर फळ कसं येणार? आणि तो भिडेखातर आपल्याला म्हणणार नाही... तिनं आत्याची कात्री उचलली.

ह्या कामात तिला दिवसही कमी पडला. काट्यांनी हात कोपरापर्यंत ओरबाडले, पण हटली नाही. एकूण एक काडी जमिनीपासून दोन डोळ्यांवर, सरळ, सुबक. कापलेल्या काड्यांचा ढीग बांधाला लावला, आळी साफ केली. मग मागे सरून तिनं पाहिलं, आणि ते बघताना तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

शेखर परत आला तेव्हा ती दारातच उभी होती. "डोळे मिटा आधी!"

त्यानं मिटले. उघडले. मग ढिगापाशी गेला, एक काडी उचलली, तिच्यावरून बोट फिरवलं.

"सगळ्याच?"

"सगळ्याच! एकसुद्धा सोडली नाही."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे, मग हातांकडे.

"केवढं लागलंय तुला..." त्याचा आवाज जरा चिरकला. "छान छाटलंयस, मंजू."

पहिल्यांदाच मंजू म्हणाला. आनंदानं माणसाचा आवाज चिरकतो, असं तिनं ऐकलं होतं. शेखर ढिगाशेजारी मटकन खाली बसला, तेही त्यातच जमा झालं.

थंडी पडली. झाडांना तरतरीत नवे फुटवे आले, पण फुलाचं नाव नाही.

"फुलं कधी येणार हो?"

"लाजतायत. तुझ्यासमोर उघडत नाहीत."

असं तो म्हणायचा आणि दुसरं काहीतरी बोलायचा. फेब्रुवारी संपत आला. एका दुपारी कॉलेजातून आल्यावर ती बांधाकडे निघाली, तर लुगड्यांच्या पलीकडून नानांचा आवाज आला.

"गेल्या सालच्या काडीला फळ येतं, हे तूच मला सांगत व्हता ना? नवी काडी यंदा निस्ती वाढती, फळती पुढल्या साली, हे तूच सांगत व्हता ना? मंग ती काडीच कशी कापली तू? मुळापासनं?"

"चुकलं, नाना."

"चुकलं! सोताच्या हातानं सोताचं पीक कापलं! लोक हसत्यात मला. पाडव्याला उपटायचं हे समदं. अँगल सांगितलेत मी. शेती तुझा घास नाय."

"बरं."

मंजुषा लुगड्याआड उभी होती. तिचे कान गरम झाले, मग गाल. तिनं कापल्या होत्या त्या काड्या नव्हत्या, फळंच होती. सगळीच्या सगळी. एकसुद्धा सोडली नाही... हे तीच म्हणाली होती, हसत हसत. आणि त्यानं? त्यानं हाताला किती लागलं ते पाहिलं होतं.

त्याच्यासमोर जायला तिचा पाय उचलला नाही. अभ्यासाची सुट्टी आहे असं सांगून ती त्याच संध्याकाळी मोहाडीला निघून गेली. घरी बाबांनी रोपांसाठी काडी निवडायला बोलावलं, तर म्हणाली, "मला नाही येत." जयरामभाऊ बघतच राहिले. जणू सूर्य पश्चिमेला उगवला होता.

आणि अशातच आत्या येऊन टपकल्या. त्यांनी परस्पर शब्द टाकला होता. रविवारी मुलगा बघायला येणार. मुलगा कोण? शेखर!

"बांधावरच्या गप्पा मला दिसत नव्हत्या होय गं?"

"मला नाही करायचं हे लग्न, आत्या."

"का? वाईट आहे का मुलगा?"

"चांगला आहे." तिचे डोळे भरून आले. "म्हणूनच."

"ह्याला काय अर्थ आहे?" आत्या म्हणाल्या, आणि रवा भाजायला बसल्या.

रविवारी ती पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. मान वर केलीच नाही. शेखरच्या चपला तेवढ्या दारात दिसल्या. समोर नाना, शेखरची आई लंकाबाई, आणि कडेला तो.

"पोरगं गुणाचं हाय," नाना सांगत होते, "पन खोटं कशाला बोलू, जयरामभाऊ, शेतीत कच्चं हाय. येड्यानं सोताच्या हातानं फळाची काडी कापली. आता कंपनीत लावतोय त्याला."

सगळे हसले. जयरामभाऊही हसले. "आमच्या मंजूकडून घ्यायचं शिकून! तिची छाटणी म्हणजे..."

शेखरही हसत होता. मान खाली घालून, सगळ्यांबरोबर. ते हसणं मंजुषाला सोसवेना. गप्प राहिली असती तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. सुपारीसुद्धा फुटली असती. तो आयुष्यभर असाच हसला असता, आणि तिनं ते आयुष्यभर बघितलं असतं.

"त्यांनी नाही कापली," ती म्हणाली. "मी कापली."

बशीतला चमचा वाजायचा थांबला.

"ते फक्त पाणी सोड म्हणाले होते. मी न विचारता... मला वाटलं द्राक्षासारखंच. सगळी मीच कापली." आवाज फाटत होता, पण आता थांबता येत नव्हतं. "मला फार लाज वाटते, नाना. तोंड दाखवायची लाज वाटते. मला नका पसंत करू. पण ती झाडं उपटू नका. ह्या थंडीत फुटलेली काडी पुढच्या मार्चात फळेल. झाडाची चूक नाही, आणि त्यांचीही नाही."

जयरामभाऊंचा चेहरा उतरला. नाना मुलाकडे वळले.

"आन् तू समद्या शिव्या सोता खाल्ल्या?"

"तिच्या हाताला लय लागलं होतं, नाना," शेखर म्हणाला.

नानांनी हातातली बशी खाली ठेवली. मग शेखरनं खिशातून एक छोटी स्टीलची डबी काढली आणि टीपॉयवर ठेवली. डबीत चार काळी फळं होती. एक उन्हाकडून जरासं पांढरं पडलेलं.

"एक काडी हिच्या कात्रीतून निसटली होती. लुगड्याखालून पळून आत्याबाईंच्या द्राक्षात घुसून बसलेली. काल दिसली. हिलाच द्यायला आणली होती."

नानांनी एक फळ उचललं, उलटसुलट पाहिलं, तोंडात टाकलं.

"आंबट हाय," ते म्हणाले. आणि दुसरं घेतलं. ते खाऊन झाल्यावर त्यांनी जयरामभाऊंकडे पाहिलं. "अँगल येऊन पडलेत माझ्या दारात. तुमाला लागत असतील तर घेऊन जावा."

पहिल्यांदा हसल्या त्या लंकाबाई. मग आत्या. जयरामभाऊंनी घाम पुसला आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "मुलाला काही विचारायचं असलं तर..."

शेखरनं घसा साफ केला. "छाटणी येते का?"

"नाही," मंजुषा म्हणाली. तिला रडू येत होतं आणि हसूही.

"मग शिकवावी लागेल," तो नानांना म्हणाला, अगदी गंभीरपणे.

आत्यांनी उरलेली दोन फळं मंजुषाच्या तळहातावर ठेवली आणि तिला आत पिटाळलं. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून तिनं ती खाल्ली. खरंच आंबट होती. पाणी प्यायच्या निमित्तानं शेखर मागून आला. लुगड्यापाशी उभा राहिला होता तसाच, तितक्याच अंतरावर.

"जीभ दाखव."

मागच्या मार्चात ती तरातरा निघाली होती. आज तिनं बाहेरच्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि डोळ्यांतलं पाणी पुसायच्या आधीच जीभ बाहेर काढली.

"जांभळी," तो म्हणाला. "आणि आज तर खरं बोललीस."