पिवळ्याखालचा करडा

ही गोष्ट खरी आहे. पटवून घ्या म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण ज्याच्या बाबतीत ती घडली तो माझा मावसभाऊ आहे. संध्याकाळपर्यंत त्याच्या अंगात थापा मारण्याइतकाही जोर उरत नाही.

घरात त्याला सगळे धाकटा म्हणतात. भाऊ तो मोठा. वडील म्हणजे नाना. मोठ्याची बायको ती वहिनी. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली.

गल्लीच्या टोकाचं शेवटचं घर. पुढे लोखंडी फाटक, आत सिमेंटचं अंगण, आणि उजव्या भिंतीलगत मोटारसायकल लावायची जागा.

ती जागा मोठ्याची.

दोन हिवाळ्यांपूर्वी, पहाटेच्या धुक्यात, लाकडाच्या वखारीपाशी वळणावर मोठ्याला मागून टेम्पोने उडवलं. गाडीला थोडं खरचटलं. मोठा गेला.

टेम्पोवाला सगळ्यांना एकच सांगत होता.

"दिसलाच नाही हो... दिसलाच नाही."

गाडीचा रंग करडा होता. मोठ्यानेच निवडलेला. का, तर धूळ दिसत नाही, चिखल दिसत नाही, धुवायची कटकट नाही. मोठा होताच तसा आळशी. धाकट्यावर मात्र जीव टाकायचा.

धाकटा एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेतो. पेशंट उपाशीपोटी वाट बघत बसलेले असतात, त्यामुळे नीट उजाडायच्या आत निघावं लागतं. ऊन असो, पाऊस असो, थंडी असो. त्याची स्वतःची गाडी पार मोडकळीला आली तेव्हा नाना म्हणाले, "मोठ्याची उभी आहे ना? गंजवतोस कशाला?"

म्हणून तो करडी गाडी चालवायला लागला.

आता नानांची नजर गेलेली. माणूस ओळखू येत नाही, रंग तेवढा कळतो. गल्लीच्या तोंडाशी करडा ठिपका दिसला की नाना ओट्यावरून उठायचे, चाचपडत फाटकाची कडी काढायचे.

"आलास का रे, मोठ्या?"

"मी धाकटा, नाना."

"हो, हो... धाकटा."

आणि नानांचा चेहरा पडायचा. रोज. दिवसभर सुया टोचून, जिने चढून-उतरून आलेल्या माणसाला घरी येऊन रोज हेच बघायचं. धाकटा मला एकदा म्हणाला होता, "मी घरी येतो ना, तेव्हा नाना रोज नव्याने मोठ्याला पोचवून येतात रे."

पुढचा हिवाळा लागला. धुकं पडायला लागलं. मग धाकट्याने ठरवलं, रंग बदलायचा. टेम्पोवाल्यांनाही दिसला पाहिजे, आणि नानांनाही.

पेंटरच्या शेडबाहेर पत्र्याच्या पट्ट्या टांगलेल्या होत्या. प्रत्येकीवर एकेक रंग. बारा महिने उन्हापावसात तशाच लटकत असायच्या.

"रंग कॅटलॉगात बघायचा नसतो," पेंटर म्हणाला. "रंग इथं बघायचा. हा काळा. उन्हाळ्यात टाकीवर पोळी भाजून घ्या. हा पांढरा, पावसाळ्यात दोन दिवसांत म्हशीचा होतो. लाल? बघा, विटून गुलाबी झालाय. निळा संध्याकाळ झाली की गेलाच."

"आणि करडा?"

"करडा कधी मळका दिसत नाही," पेंटर म्हणाला. "कारण तो कधी दिसतच नाही."

पेंटरला मोठ्याचं माहीत नव्हतं.

शेवटी पिवळा ठरला. पिवळाधमक. तिन्ही ऋतूंत लांबून डोळ्यात घुसेल असा. वहिनीलाही विचारलं होतं. ती भांडी घासता घासता म्हणाली होती, "डोळ्यांना बोचेल असाच घ्या, भाऊजी. आता कुणी दिसलं नाही म्हणायला नको."

"जुना खरवडून काढायचा, की वरूनच मारू?" पेंटरने विचारलं. "खरवडायचा तर आठवडाभर गाडी इथं राहील."

आठवडाभर गाडीशिवाय कसं चालणार? लॅबवाले दुसरा माणूस बघायला मोकळे.

"वरूनच मारा."

"मारतो. बसेल छान. पण खालचा खालीच राहतो, हं. नंतर मला बोल लावू नका."

पिवळी गाडी घेऊन धाकटा पहिल्यांदा घरी आला ती संध्याकाळ. दिवे नुकतेच लागलेले. बारीक भुरभुर पडून गेली होती, गल्ली ओली होती.

फाटक उघडंच होतं.

नाना ओट्यावर बसलेले. त्यांनी मान वर केली.

"आता हे पिवळं कोण आलं?"

"मी, नाना. धाकटा. रंग बदलला गाडीचा."

नाना हसले. खूप दिवसांनी. "वा! लांबूनच कळलं, दुसरं कुणीतरी आहे म्हणून." मग थोडं थांबून म्हणाले, "बरं झालं. मोठा पण आत्ताच आलाय."

धाकट्याने गाडी बंद केली.

आणि त्याला ऐकू आलं...

टिक... टिक... टिक...

गाडी लांबून आली की तापलेला सायलेन्सर निवताना करतो तो आवाज. त्याची गाडी फाटकात होती. आवाज भिंतीलगतून येत होता.

तिथे काहीच नव्हतं.

तो जवळ गेला. सगळं अंगण ओलं होतं. भिंतीलगत मात्र गाडीएवढी लांबट जागा कोरडी होती. त्याने वाकून हात लावला.

जमीन कोमट होती.

तुम्ही म्हणाल, मग तो ओरडला असेल, पळाला असेल. छे. भीती वाटायलाही अंगात त्राण लागतं. त्याने गाडी दुसऱ्या बाजूला लावली, आत गेला, हातपाय धुतले आणि जेवायला बसला.

मग हे रोजचंच झालं. धाकटा यायच्या थोडं आधी फाटकाची कडी वाजायची. स्टँड लावल्याचा आवाज यायचा. नाना म्हणायचे, "मोठा आला." मग खरीखुरी पिवळी गाडी यायची. "आणि हा धाकटा."

आता नानांचा चेहरा पडत नव्हता. ते दोन घास जास्त जेवायला लागले होते.

एकदा धाकट्याने वहिनीला हळूच विचारलं, "तुम्हाला काही... ऐकू येतं का?"

वहिनीने वर पाहिलं नाही.

"गाडी पिवळी झाल्यापासून रोज येतं."

"घाबरत नाही तुम्ही?"

"घाबरू कशाला? माझाच नवरा." तिने भाजी चिरणं थांबवलं. "पण आत येत नाहीत, भाऊजी. बाहेरच थांबतात. तुमची गाडी आत आली की मग आवाज बंद होतो. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं करतात."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. धाकटा तिथून उठला.

आणि मग ती सकाळ आली.

धुकं असं, की स्वतःच्याच गाडीचं पुढचं चाक दिसत नव्हतं. धाकटा वखारीचं वळण घेत होता. दिवा चालू. इंडिकेटर चालू. पिवळाधमक रंग.

मागून घरघर ऐकू आली...

जवळ आली... आणखी जवळ...

कर्रर्र करून ब्रेक लागले. दचकून धाकट्याचा तोल गेला आणि तो गाडीसकट आडवा झाला. डोळे उघडले तेव्हा टेम्पोचं बंपर त्याच्या डोक्यापासून वीतभर लांब होतं.

ड्रायव्हर उतरला. त्याने धाकट्याकडे पाहिलंच नाही. तो दोघांच्या मधल्या वीतभर रिकाम्या जागेकडे बघत होता.

"तो कुठे गेला?"

"कोण?"

"करडी गाडीवाला! तुमच्या मागे होता ना. माझ्या बरोबर पुढ्यात येऊन थांबला. म्हणून तर ब्रेक मारला मी."

"मागे कुणी नव्हतं. मी एकटाच आहे."

ड्रायव्हरने आता कुठे त्याच्याकडे पाहिलं. पिवळ्या गाडीकडे पाहिलं. आणि हळूच म्हणाला...

"तुम्ही तर मला दिसलाच नाहीत हो."

धाकट्याला कोपराला खरचटलं होतं, बाकी काही नाही. त्याने गाडी उभी केली. टाकीची एक बाजू रस्त्यावर घासली होती. त्या बाजूचा पिवळा रंग सालपटासारखा निघाला होता.

खालचा करडा जसाच्या तसा होता.

तरी त्याने त्या दिवशीचे सगळे नमुने घेतले. पेशंट उपाशी बसले होते ना.

संध्याकाळी तो गल्लीत शिरला तेव्हा फाटक बंद होतं. बऱ्याच दिवसांनी. नाना उठले, चाचपडत आले, कडी काढली. सोललेली बाजू त्यांच्याकडे होती.

"आलास का रे, मोठ्या?"

धाकट्याने तोंड उघडलं. मी धाकटा, नाना, एवढंच तर म्हणायचं होतं. पण अंग ठणकत होतं. सकाळपासून तो मेला नव्हता, एवढ्यानेच त्याला दमायला झालं होतं. नाना इतक्या आशेने बघत होते. आणि सकाळी जो मधे उभा राहिला, त्याचं नाव आज खोडून टाकायचं त्याच्या जिवावर आलं.

"हो, नाना," तो म्हणाला. "मी मोठा."

"आणि धाकटा?"

"येतोय मागून."

"मग फाटक लावू नकोस," नाना म्हणाले.

गाडी दुसऱ्या बाजूपर्यंत ढकलत न्यायचं त्राण नव्हतं. त्याने ती भिंतीलगत लावली. मोठ्याच्या जागेवर. आत गेला. वहिनीने पाणी दिलं. त्याने पेला तोंडाला लावला...

आणि बाहेर गाडी आल्याचा आवाज झाला.

स्टँड लागला.

टिक... टिक... टिक...

या वेळी भिंतीकडून नाही. अंगणाच्या दुसऱ्या बाजूने. पिवळी गाडी रोज उभी असायची तिथून.

वहिनीने धाकट्याचं मनगट घट्ट धरलं. ती आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेली त्याला दिसली.

बाहेर नाना आनंदाने म्हणत होते, "आलास का रे, धाकट्या? लांबूनच दिसलास बघ, पिवळाधमक."

मग फाटकाची कडी लागली. आवाज स्पष्ट आला.

"दोघं आले गं, सूनबाई. वाढ पानं."

धाकटा बाहेर बघायला गेला नाही. अजूनही जात नाही.

मध्यंतरी मी त्यांच्याकडे गेलो होतो. गाडी अर्धी पिवळी, अर्धी करडी, तशीच आहे. पेंटर फुकट रंगवून देतो म्हणाला, तर धाकटा म्हणाला, राहू दे. आम्ही ओट्यावर चहा पीत बसलो होतो. मी निघालो तसे नाना म्हणाले, "फाटक उघडंच ठेव रे जाताना. धाकटा यायचाय."

धाकटा माझ्या शेजारीच बसला होता.

"यायचाय, नाना," तो म्हणाला, आणि चहा पीत राहिला.

फाटकापर्यंत तो मला सोडायला आला. मी त्याला विचारलं, "अरे, मोठा आला तर समजू शकतो. पण त्या संध्याकाळी जो आला, तो कोण? वखारीपाशी त्या सकाळी... नक्की काय झालं?"

त्याने कपाळावरून हात फिरवला. खूप दमलेला दिसत होता.

"मलाही विचारायचंय कुणालातरी," तो म्हणाला. "पण ड्रायव्हर काय म्हणाला, आठवतं ना? मी त्याला दिसलोच नव्हतो."

मी फाटक उघडं ठेवलं आणि चालायला लागलो. गल्लीच्या तोंडाशी समोरून एक दिवा आला आणि मला घासून घराकडे गेला. कुठला रंग होता, ते मी पाहिलं नाही.