सहाचा नियम

चंद्रकक्षेतल्या कवच-प्रयोगशाळेत सुलभा गद्रे बाईंनी महानौकांच्या हिमकवचाच्या जाड थरावर छोट्या नौकांच्या बारीक तोफेचे बारा गोळे मारून दाखवले. थरावर ओरखडासुद्धा नाही. "हेरंब, गोळ्याचा वेग ठरावीक मर्यादेच्या खाली असला की हे कवच त्याला नुसतं गिळून टाकतं. थोडं नुकसान होतं असं नाही, काहीच होत नाही. बारा शून्यांची बेरीज शून्यच."

हेरंब कारखानीस तेव्हा अंतराळयुद्धाचा पटावरचा खेळ बनवत होता, 'तारापट' नावाचा. एकीकडे एक महानौका, दुसरीकडे बारा चिमुकल्या नौका. त्यांना तो लाडाने चिलटं म्हणे. बाईंचं गणित पाळलं, तर चिलटं घेणारा दर डावाला मार खाणार. आणि घरी चिलटं घेणारी होती त्याची नऊ वर्षांची तिलोत्तमा. हरली की तोंड फुगवून बसायची, जेवायची नाही. शेवटी त्याने नियम घातला: चिलट जवळ पोचलं आणि फाशावर सहा पडला, तर महानौकाही फुटते. बाई म्हणाल्या, हे धादांत खोटं आहे. "अहो, खेळच तर आहे," हेरंब हसला.

खेळ असा काही चालला की विचारू नका. पृथ्वीच्या आरमाराचे कॅडेट त्यावर शिकले, लघुग्रहांवरच्या वसाहतींतली पोरं त्यावर वाढली. खरी अंतराळ-लढाई कुणी पाहिलीच नव्हती, त्यामुळे लढाई म्हणजे तारापट, असंच साऱ्यांच्या मनात बसलं. हेरंबला तेव्हा त्याचा केवढा अभिमान होता!

वर्षं गेली. माणिकखडक वसाहतीची बर्फ वाहणारी गलबतं आरमाराच्या महानौकेने चंद्राजवळ अडवली आणि ती सोडवायला बारा चिलटं निघाली. सर्वांत पुढच्या चिलटाची कप्तान होती तिलोत्तमा, आता त्या वसाहतीचीच झालेली. हेरंबने संदेशयंत्रावरून तिला परोपरीने विनवलं, पण ती ऐकेना.

"बाबा, सहा खोटा आहे हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण त्यांना कुठे माहीत आहे? आम्ही हल्ला करणारच नाही. ते घाबरतील आणि बोलायला बसतील."

महानौका खेळणारा घाबरला की काय करतो, हे हेरंबइतकं कुणाला ठाऊक? तो चिलटं जवळ येऊच देत नाही. बाईंना घेऊन तो तडक महानौकेवर गेला आणि अॅडमिरल घोरपड्यांना सारं सांगून मोकळा झाला. नियम माझ्या मनचा आहे, त्यांना येऊ द्या, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. बाईंनीही आपलं गणित पुढे ठेवलं.

घोरपडे माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"कारखानीस, मी कॅडेट होतो तेव्हापासून तुमचा पट खेळतोय. चिलटं जवळ येऊ दिली तेव्हा तेव्हा बुडालो. आज माझ्या नौकेवर चारशे माणसं आहेत. आणि नियम खोटा असल्याचं तुम्ही आज सांगताय, तिकडे तुमची मुलगी असताना."

त्यांच्या जागी हेरंबही हेच म्हणाला असता.

तोफा दुरूनच चालल्या. एकेक करत चिलटं विझत गेली, पहिलं तिलोत्तमाचं. मरता मरता शेवटच्या चिलटाने तेवढा एक गोळा डागला आणि तो नेमका महानौकेच्या कुशीत बसला. नियंत्रणकक्षातल्या साऱ्यांनी डोळे मिटले. नौका हललीसुद्धा नाही.

घोरपड्यांनी पडद्यावर ते कवच जवळून न्याहाळलं. मग त्यांनी विचारलं, "असला नियम केलात तरी कशाला हो?"

"तिलू हरली की जेवायची नाही," हेरंब म्हणाला.