उंबरठ्यावरचा झुंगू

वीज आता पहाटेपर्यंत येत नाही. तेव्हा ते मोबाइल खिशात घाला आणि शेकोटीजवळ सरका. आणि मध्ये जो दात काढेल, त्याने एकट्याने जाऊन गुरांचं फाटक लावून यायचं, आधीच सांगून ठेवतो.

नदीपलीकडचा मुझी झुंगू तुम्हाला ठाऊक आहे. गवंडीकाम करतो, बोलतो कमी. त्याचा धाकटा भाऊ सान्डिले जोहान्सबर्गला असायचा. दोघांचं बिनसलं ते बापाला पुरलं त्या दिवशी. सान्डिले उशिरा आला, त्यातून पिऊन आला. मुझीने साऱ्या भावकीदेखत त्याला सुनावलं, "या उंबरठ्यावर पुन्हा पाय ठेवू नकोस." त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. आणि यंदा मे महिन्यात व्हॅन रीननच्या घाटात सान्डिलेची गाडी दरीत गेली.

देह आणला, पुरला. पण देह आला म्हणजे माणूस आला, असं थोडंच आहे? जिथे जीव जातो तिथेच त्याची सावली बसून राहते, कुणी न्यायला येईल म्हणून. त्यांच्या म्हाताऱ्या आईने अन्न टाकलं. "त्याला घरी आणल्याशिवाय मला धड मरताही येणार नाही," असं ती मुझीला उठता-बसता ऐकवायची. आणायचं काम थोरल्याचं. जूनच्या शेवटच्या शुक्रवारी, ऐन अमावास्येला, मुझी रानबोरीची फांदी तोडून निघाला; सावली तिच्यावर बसूनच घरी येते.

त्याची बायको पुलेंग सोथो लोकांतली, तिची बोली आपल्याहून निराळी. तो निघताना अंगणात सासू-सुनेचं नेहमीचं चाललं होतं.

"तुमच्यात सावलीला काय म्हणतात गं?"

"सेरिती."

"आणि माणसाची अब्रू, त्याचं वजन, त्याला?"

"तेही सेरितीच."

"आमचं इसिथुन्झी तसंच. झाडाच्या सावलीला शब्द निराळा. झाडाला कसली आलीय अब्रू? बरं, दाराला?"

"मोन्याको."

"आणि आमचं उम्न्यांगो. चोरलात की शब्द."

"कुणी कुणाचा चोरला ते पूर्वजांना विचारा, आई."

म्हातारी महिन्यात पहिल्यांदा हसली. मग मुझीकडे वळून म्हणाली, "उम्न्यांगो म्हणजे फळी नव्हे हो. मधली मोकळी जागा. फळी लावलीस तरी ती जागा राहतेच. तो येईल तेव्हा ती अडवून उभा राहू नकोस."

मुझीने फांदी खांद्याला लावली आणि वाटेला लागला.

घाटात पोचेपर्यंत अंधार पडला. जिथे कठडा तुटला होता तिथे त्याने फांदी जमिनीला टेकवली. आता नाव घ्यायचं, एवढंच काम. पण लाजेने जीभ उचलेना. नको म्हणून हाकललेल्या भावाला कोणत्या तोंडाने हाक मारायची? शेवटी तो पुटपुटला, "झुंगू… चल घरी."

नुसतं कुळाचं नाव.

परतीचा गाडीवाला बाफाना जाणता. फांदी दिसताच त्याने शेजारची जागा मोकळी ठेवली आणि भाडं दोघांचं घेतलं. फांदी धरणाऱ्याने जिवंत माणसाशी बोलायचं नसतं. वाटेत काय काय येतं ते मेलेल्याला सांगत जायचं, नाहीतर तो मागे राहतो.

"झुंगू, घाट उतरतोय."

"झुंगू, थुकेला नदी आली. पुलावर आहोत."

बाफानाने आरशात पाहिलं. मुझीच्या शेजारची गादी खाली दबली होती.

"दादा, तुझ्याजवळ…"

मुझीने मान हलवली. बोलू नकोस. बाफानाने उरलेल्या वाटेत आरशात पाहिलं नाही. हे त्यानेच मला सांगितलं.

घरी पुलेंगने अंगणात जाळ केला होता. म्हातारी आत, मागच्या भिंतीशी, पूर्वजांच्या जागेपाशी बसलेली. मुझी दारातून आत गेला.

हात मागे ओढला गेला.

फांदी पुढे येईना. त्याने वळून पाहिलं. उंबरठ्यावर एक सावली. मागे माणूस नाही… आणि सावली थांबलेली. आत नाही. बाहेर नाही.

"सान्डिले?" म्हातारी म्हणाली.

काही नाही…

"बाळा?"

काहीच नाही. जाळ तडतडला, तेवढंच.

मग म्हातारी म्हणाली, "हा माझा नाही. माझा पोरगा घरात शिरला की आधी पातेल्यात हात घालायचा. दारात असा परक्यासारखा उभा राहणारा नव्हे. नाव घेऊन बोलावलंस का रे?"

मुझीने नाही म्हणून मान हलवली.

"कुळाच्या नावाने हाक मारलीस. त्या घाटात काय एकच झुंगू मेलाय?"

रात्रभर तिघं तशीच बसली. दार कुणी लावलं नाही. लावून उपयोग काय होता?

शनिवारी मुझी पुन्हा गेला. नवी फांदी, तीच जागा. या वेळी तो रस्त्यावर गुडघे टेकून रडला. "सान्डिले, माझ्या आईच्या लेका, बोललो ते मागे घेतो. घर तुझंही आहे." फांदी पिसासारखी हलकी झाली. घरी आल्यावर ती सरळ आत गेली. उंबरठ्यावरून, त्या सावलीवरून. म्हातारीने डोळे मिटून श्वास घेतला आणि म्हणाली, "आला गं माझा." त्या रात्री ती पोटभर जेवली. रविवारी बकरा कापला. ऑगस्टमध्ये ती झोपेतच गेली, समाधानाने.

पण पहिला जो आला होता, तो गेला नाही. "कुणाचा तरी लेक आहे, त्याची माणसं येईपर्यंत राहू दे," असं म्हातारी म्हणून गेली. दिवस डोंगरामागे उतरला की ती सावली दारात दिसते. मी या डोळ्यांनी पाहिली आहे. पुलेंग पाण्याची बादली घेऊन ये-जा करते, कोंबड्या जातात, मीही ओलांडून गेलो, मान खाली घालून. ती हलत नाही.

मुझी कामावरून येतो तेव्हा मात्र… तो अजून अंगणातच असतो…

आणि सावली उंबरठ्यावरून बाजूला सरते. धाकटा भाऊ थोरल्याला वाट देतो, तशी.