जाळी बसवायची राहिली

पट्टा थांबला, आणि टोमॅटो निवडणाऱ्या सगळ्या बायांनी एकदम मागं वळून बघितलं.

लाल बटणावर हात ठेवून एक नवा पोरगा उभा होता. अंगात पिवळं जाकीट, डोक्याला पांढरं हेल्मेट, आणि तोंडावर असा भाव की जणू आत्ताच त्यानं आगगाडीचा अपघात टाळलाय.

“कोन मेलं का?” वैजयंतीनं विचारलं.

“अजून न्हाई,” तो म्हणाला. “तुमची ओढणी रोलरच्या तोंडाशी लोंबतीय. आधी खोचा.”

तिनं खाली पाहिलं. खरंच वीतभर अंतर राहिलं होतं. कानशिलं गरम झाली, पण लगेच कबूल करणाऱ्यातली ती नव्हती.

“ओढणी माझी हाय. तुमाला कशाला काळजी?”

“त्याचाच पगार घेतो.”

“काळजी करायचा पगार!” वैजयंतीची मावशी बयाबाई शेजारी उभी होती, ती तोंडाला पदर लावून हसली. “आमच्या घरधन्यानं फुकट सुदिक केली न्हाई गं बाई.”

हा ऋषी. ओझरच्या रस्त्यावर टोमॅटोचा गर काढायचा जो कारखाना होता, त्याचे मालक बाळासाहेब त्याचे सख्खे मामा. तपासणीला कुणी आलं की ‘तुमचा सेफ्टीचा माणूस कोण?’ असा प्रश्न यायचा, आणि बाळासाहेब जो समोर दिसेल त्याच्याकडं बोट दाखवायचे. एकदा घाईत त्यांनी चहावाल्याकडं दाखवलं. तेव्हापासून कळंबच्या बहिणीचा डिप्लोमा झालेला मुलगा त्यांच्या मनात भरला. त्यांना फक्त बोट दाखवायला कुणीतरी हवं होतं. पोरगा खरोखरच काम करायला लागला, ही त्यांची साफ फसगत.

वैजयंती जुन्नरच्या पश्चिमेकडची, डोंगरातली. घरी भाताची खाचरं, उतारावर नाचणी, आणि तेवढ्यावर घर चालत नाही. म्हणून मावशीसोबत कारखान्याजवळ खोली घेऊन राहायची. पट्ट्यावर तिच्याइतका हात कुणाचा चालत नसे. सडका टोमॅटो तिच्या नजरेतून सुटत नसे आणि आता, का कोण जाणे, पिवळं जाकीटही सुटेना.

तो सुरक्षेचं जे जे सांगे, त्यात तिला खोट काढायची असे.

“गमबूट का घातले न्हाईत?”

“पायात बेडकं बसल्यावानी वाटतंय.”

“फरशी ओली आहे. पडाल.”

“पडले तर उचलायचं कोनी, ते लिवलंय का तुमच्या कागदात?”

तो लाजला. हेल्मेट थोडं खाली ओढून म्हणाला, “मालकानं यंत्र झाकायचं, कामगारानं आपला हात जपायचा. एवढंच लिहिलंय.”

“आन् मन?”

“...काय?”

“मन कुनी जपायचं? मालकानं का कामगारानं?”

तो तसाच निघून गेला. दोन-तीन दिवस तिकडं फिरकलाच नाही. तिला वाटलं, जास्तच बोलले मी. मग एका दुपारी, गराच्या कढईची वाफ सगळीकडं भरलेली असताना, तो पट्ट्याशी येऊन पाना घेऊन उगाचच एक बोल्ट पिळायला लागला. बोल्टकडंच बघत म्हणाला, “पुस्तक सगळं चाळलं. मनाचं कुठंच न्हाई. तर... मी घेतो माझ्याकडं.”

तिच्या हातातला टोमॅटो सडका होता. तिनं तो चांगल्यांत टाकला.

असा तो पावसाळा गेला, आणि खंडेनवमी आली.

त्या कारखान्याची एक रीत होती. नवमीला सगळी यंत्रं धुवायची, हळदकुंकू लावायचं, आणि रोलरच्या तोंडावरची लोखंडी जाळी उतरवायची. यंत्र म्हणजे देवी, आणि देवीचं तोंड झाकून पूजा कशी करणार? मग उघड्या रोलरवर झेंडूची माळ सोडायची. ती माळ कोजागरीपर्यंत काढायची नाही, आपोआप वाळू द्यायची. माळ असेपर्यंत जाळी बसत नसे. मात्र जाळी नाही म्हणून पट्टा कधी बंद राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

ऋषी नवमीच्या संध्याकाळीच पाना घेऊन निघाला होता. बाळासाहेबांनी त्याला सगळ्यांदेखत हटकलं.

“कुठं निघालं राव?”

“मामा, उद्या दसऱ्याची सुट्टी. परवा माल येणार. माळ काढून जाळी बसवून टाकतो.”

“देवीची माळ वाढदिवसाची हाय व्हय रं? वर्षानुवर्षं चालत आलंय. तुझं हेल्मेट काल आलं!”

सगळे हसले. वैजयंतीही हसली. नवं पातळ नेसली होती, केसांत शेवंती होती, आणि तो पाना हातात घेऊन इतका गोंधळलेला दिसत होता की तिला हसू आवरेना. त्यानं तिच्याकडं बघितलं, तोही हसला... आणि पाना खिशात गेला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माल आला. पट्टा सुरू झाला. ऋषी गेटवर गाड्या बघत होता. माळेचं सुटलेलं टोक रोलरकडं ओढलं जाताना वैजयंतीला दिसलं. देवीची माळ चिरडणार, एवढंच तिच्या डोक्यात आलं. तिनं हात घातला.

लाल बटण बयाबाईनं दाबलं. ते कुठं आहे, हे ऋषीनंच तिला शिकवलं होतं.

उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मंचरच्या दवाखान्यात बाळासाहेब सफरचंदं घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. सफरचंदं चांगली होती. खुर्ची ओढून ते प्रेमानंच बोलले.

“पोरी, झालं ते वंगाळ झालं. दावा करनार म्हनं तू? वकिलाला इचारलं मी. तो म्हनतो, सांगा की जाळी बाईनंच काढली, मग भरपाई बसत न्हाई. पर मला ते पटंना. आपली मान्सं हायेत. म्हनून मी दुसरा इचार केलाय.” ते पुढं झुकले. “ऋषीचं मन हाय तुझ्यावर. सगळ्या कारखान्याला ठावं हाय. माझ्या बहिनीला मी समजावतो. जातपात आमी बघत न्हाई... ह्या वक्ताला. तू घरात ये. घरातली सून घरावर दावा करती व्हय?”

पंधरा दिवसांपूर्वी हेच कुणी म्हणालं असतं, तर वैजयंतीनं कारखानाभर पेढे वाटले असते.

बरं वाटल्यावर ती ऋषीला ओझरला भेटली, देवळामागं, कुकडीच्या पाण्याकडं उतरणाऱ्या पायऱ्यांवर. त्यानं जाकीट घातलं नव्हतं. त्याच्याशिवाय तो फार लहान दिसत होता.

“मामा बोलले ते मामाचं,” तो म्हणाला. “मी माझं विचारतोय. वैजयंती... माझ्याशी लग्न करशील?”

पहिल्यांदाच तो तिला ‘अगं-तुगं’ बोलला. तिला तेवढ्यावरच रडू फुटत होतं. तिनं ते गिळलं.

“पट्टा चालू हाय?”

“...हो.”

“जाळी?”

त्यानं पायरीवरचा खडा उचलून पाण्यात टाकला.

“बसवली न्हाई?”

“वकील म्हणाला, आता मालकानं बसवली तर उतरवलीपण मालकानंच असं कबूल केल्यासारखं होतं. निकाल लागेपर्यंत तसंच ठेवा.”

“म्हंजी मावशी अजून त्याच रोलरपुढं उभी ऱ्हाती!”

“मी रोज भांडतो गं.”

“आन् मी सून झाले, की दावा न्हाई. दावा न्हाई, की कुनी इचारनार न्हाई. पुढच्या नवमीला परत जाळी उतरवनार, परत माळ सोडनार. मी हळदीकुंकवाला घरात बसनार.” ती पाण्याकडं बघत बोलत होती. “भरपाई मी कोर्टातनं घेईन. नवरा भरपाईत नगं मला.”

“मी भरपाई म्हणून...”

“ठावं हाय मला. म्हनून तर बोलताना जीव जातोय.”

देवळात घंटा वाजत होत्या. अष्टविनायकाला आलेलं एक कुटुंब पायऱ्यांवर फोटो काढायला लागलं, आणि त्यांच्यातल्या काकूंनी यांनाच फोन देऊन फोटो काढायला सांगितलं. ऋषीनं काढला. “अजून एक,” काकू म्हणाल्या. त्यानं अजून एक काढला.

परत येऊन बसला तेव्हा त्याचं ठरलं होतं. “मी साक्ष देतो. जाळी मालकानं उतरवली, आणि मला माहीत असून मी बसवली न्हाई. दोन्ही सांगतो.”

“मामा घराबाहेर काढतील.”

“काढू देत.”

“आई?”

“आई रडेल,” तो म्हणाला.

तिनं डावा हात त्याच्या हातावर ठेवला. एकदाच. “मग आजपासून आपलं काय न्हाई. फोन न्हाई, भेटनं न्हाई, कोर्टात बघायचं सुदिक न्हाई. वकील इचारंल, या बाईचं नि तुमचं काय. तवा तुमाला खरं बोलता आलं पायजे. न्हाईतर म्हनतील, बायको करायची म्हनून साक्ष दिली.”

“आणि निकाल लागल्यावर?”

“वरच्या कोर्टात जातील. तिथनं अजून वर.” ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली. “तुमी चाकणला नोकरी बघा. चांगली बघा. तिथं लई यंत्रं असत्यात.”

तो उठला. पायऱ्या ओल्या होत्या. ‘जपून’ असं तिच्या ओठावर आलं. तिनं म्हटलं नाही.

जुन्नरच्या कोर्टात त्याची साक्ष झाली तेव्हा उन्हाळा लागला होता. वैजयंती मावशीशेजारी बाकावर बसली होती. ऋषीनं ठरल्याप्रमाणं सगळं सांगितलं, स्वतःचा दोषही. बाळासाहेबांचे वकील चष्मा पुसत उठले.

“वादी बाईंचं आणि तुमचं नातं काय?”

“काही नाही.”

“प्रेमसंबंध?”

“आज नाहीत.”

“आज!” वकिलांनी कोर्टाकडं विजयानं पाहिलं. “म्हणजे होते. लग्नाचं ठरलं होतं?”

“मी विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या.”

इथं थांबावं. पण हातात आलेला साक्षीदार सोडवत नाही, हा त्या धंद्यातला दोष आहे.

“नाही? का बरं?”

ऋषीनं पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले. “इथं उभं राहून मला खरं बोलता यावं म्हणून.”

टंकलेखकाचा हात थांबला. न्यायाधीश बाई त्याच्याकडं वळल्या. मग हळू म्हणाल्या, “घ्या. जसंच्या तसं घ्या.”

बघायचं नाही, असं वैजयंतीनंच ठरवलं होतं. ती बघत राहिली. त्यानं मात्र मान वळवली नाही. तिनं सांगितलेलं तो ऐकत होता. सही करून तो पलीकडच्या दारानं बाहेर पडला.

मधल्या सुट्टीत बातमी आली की बाळासाहेबांनी फिटरला बोलावलंय आणि जाळी आजच बसतीय. जाळी कुणी उतरवली ते साक्षीत आल्यावर ती न बसवण्यात आता काही फायदा नव्हता. बयाबाईनं दोन्ही हात जोडले. मग तिनं भाचीकडं बघितलं, आणि जोडलेले हात खाली घेतले.

“गेला का गं तो?” वैजयंतीनं विचारलं.

“चाकणच्या यष्टीत बसला. मी बघितलं.” बयाबाईनं पदर सावरला. “थांब म्हनली असतीस, तर थांबला असता पोरगा.”

“व्हय,” वैजयंती म्हणाली. “म्हनूनच न्हाई म्हनले.”